आयफोन १७ त्याच्या स्पर्धकांपुढे कितपत टिकतो? लोकलने प्रवास करणारीला सल्ला हवा आहे

मुलुंडकर_वाचक यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

माझा सध्याचा फोन दुपारीच चार्जर मागू लागला आहे आणि त्याला मिळणारी सुरक्षा अपडेटही आता बंद झाली आहेत, त्यामुळे नवा फोन घेणे यापुढे लांबवता येणार नाही. माझी गरज थोडी सविस्तर सांगते, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना अंदाज येईल.

मी रोज मुलुंडहून सीएसएमटीला लोकलने जाते आणि बहुतेक प्रवास उभ्यानेच होतो. एक हात वरच्या कडीला असताना दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने संपूर्ण पडद्यावर काम करता यावे, ही माझी पहिली अट आहे, आत्ताचा ६.७ इंची फोन गर्दीत हातातून निसटेल अशी धास्ती कायम वाटते. माझी मुलगी कथक शिकते. तिचे कार्यक्रम कालिदास नाट्यमंदिरात होतात, पालकांना बहुधा मागच्या रांगांत जागा मिळते आणि तिथून तिचा चेहरा नीट ओळखू येईल असा एकही फोटो आजवर माझ्याकडे नाही. आईशी माझे रोजचे संदेश मराठीतच, आणि तेही बोलून टंकलेले असतात. एवढे पैसे घातल्यावर फोन किमान पाच वर्षे चालावा, ही अपेक्षाही अवास्तव नसावी.

सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या आयफोन १७ कडे माझा कल आहे. आयफोन १६ चा पडदा ६० हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र ताजे करणारा) होता आणि त्याच्या निम्म्याहून कमी किमतीचे अँड्रॉइड फोनही त्या बाबतीत पुढे होते. या वेळी ६.३ इंचांचा १२० हर्ट्झ पडदा आला आहे आणि स्टोरेज २५६ जीबीपासून सुरू होते. किंमत ८२,९०० रुपये आहे. आयफोन १६ चे २५६ जीबीचे मॉडेल बाजारात आले तेव्हा ते ८९,९०० रुपयांना होते, हे पाहता कंपनीने प्रथमच साध्या मॉडेलच्या ग्राहकाचा गंभीरपणे विचार केला असे वाटते.

तरीही डोळे झाकून घ्यायचा नाही. माझ्या यादीत सॅमसंगचा गॅलेक्सी एस२५ (८०,९९९ रुपये), गूगलचा पिक्सेल १० (७९,९९९ रुपये) आणि वनप्लस १३एस (५४,९९९ रुपये) हेही आहेत. या सगळ्या किमती फोन बाजारात आले त्या वेळच्या, २५६ जीबीच्या मॉडेलच्या आहेत. प्रत्यक्षात बँकेच्या कार्डावर आणि जुना फोन बदलून देताना त्या कमी होतात. माझे दीर दुबईला असतात आणि तिथून आयफोन आणून देण्याची त्यांची तयारी आहे. तसा आणणे शहाणपणाचे ठरेल का, हेही कृपया सांगावे.

प्रभादेवीकर यांचे उत्तर

मी नाट्यगृहांत नृत्याचे आणि नाटकांचे फोटो बरीच वर्षे काढत आलो आहे, म्हणून फक्त कॅमेऱ्याबद्दल लिहितो. बाकीच्या बाबी जाणकार सांगतीलच.

तुम्ही रंगमंचापासून साधारण २० मीटरवर बसला आहात असे धरू. आयफोन १७ ला टेलिफोटो, म्हणजे दूरचे दृश्य जवळ आणणारी, लेन्स नाही. त्याचे २x (दुप्पट मोठे चित्र) म्हणजे मुख्य कॅमेऱ्याच्या ४८ मेगापिक्सेल सेन्सरचा, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपचा, मधला भाग. त्या अंतरावरून आडव्या चौकटीत सुमारे १४ मीटर रुंदीचे दृश्य येते, म्हणजे विंगांसकट सगळा रंगमंच दिसतो आणि तुमची मुलगी त्यात बोटाएवढी दिसते. गॅलेक्सी एस२५ च्या ३x लेन्समधून साधारण १०-११ मीटर येतात, म्हणजे जेमतेम रंगमंचाचे तोंड. पिक्सेल १० च्या ५x लेन्समधून मात्र साडेसहा मीटरच्या आसपासचे दृश्य येते. एकटी नर्तकी, तिच्या हातांच्या मुद्रा आणि चेहऱ्यावरचा भाव त्यात ओळखू येतो. वनप्लस १३एस ची टेलिफोटो लेन्स २x चीच आहे, त्यामुळे या कामापुरते तिचे आणि आयफोनचे स्थान जवळजवळ सारखे आहे. शिवाय १३एस ला अल्ट्रावाइड (जास्त रुंद दृश्य टिपणारा) कॅमेरा मुळीच नाही, हे विकत घेण्याआधी लक्षात असू द्यावे, कारण घरातल्या छोट्या खोलीत सगळ्यांचा एकत्र फोटो काढताना त्याची उणीव जाणवते.

यावरून पिक्सेल १० सरळ जिंकला असे मात्र नाही. गूगलने साध्या पिक्सेलला या वेळी टेलिफोटो दिली, पण ती देताना मुख्य आणि अल्ट्रावाइड या दोन्ही कॅमेऱ्यांचे सेन्सर पिक्सेल ९ पेक्षा लहान केले. मुख्य कॅमेऱ्याच्या सेन्सरच्या आकारात आयफोन १७ आणि एस२५ हे दोन्ही त्याच्या पुढे आहेत. संध्याकाळी घरात, देवघरातल्या समईच्या उजेडात किंवा गणपतीच्या मिरवणुकीत जे फोटो निघतात ते मुख्य कॅमेऱ्यानेच निघतात, आणि वर्षभरात अशा फोटोंची संख्या नाट्यगृहातल्या फोटोंपेक्षा कितीतरी जास्त असते.

आणखी एक बाब अशी की, उजेड कमी पडला की अनेक फोन ५x किंवा ३x निवडल्यावरही टेलिफोटो लेन्स बाजूला ठेवतात आणि मुख्य कॅमेऱ्याचेच चित्र कापून मोठे करून दाखवतात. पडद्यावर मात्र ५x असेच लिहिलेले राहते. दुकानात याची परीक्षा सहज करता येते. एखाद्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे फोन धरून ५x निवडा आणि मागच्या टेलिफोटो लेन्सवर बोट ठेवा. पडदा काळा झाला तर लेन्स खरोखर काम करत आहे. चित्र तसेच दिसत राहिले तर ते मुख्य कॅमेऱ्याचे आहे. रंगमंचावरच्या नर्तकीवर सहसा पुरेसा प्रकाश असतो, त्यामुळे तिथे ही अडचण कमी येते, पण मंद निळ्या प्रकाशातल्या प्रसंगांत ती हमखास येते.

फोन कोणताही घेतलात तरी कथकसाठी दोन गोष्टी कराव्यात. नाईट मोड बंद ठेवा, कारण तो काही क्षण प्रकाश साठवत राहतो आणि तेवढ्यात चक्कर घेणाऱ्या मुलीची केवळ एक पुसट रेघ उरते. चेहऱ्यावर बोट टेकवून उजेडाची खूण खाली ओढा, म्हणजे प्रखर झोतात चेहरा पांढराफटक पडणार नाही. बटण दाबायचा क्षण समेचा. तुकडा संपून मुलगी समेवर ज्या मुद्रेत थांबते, त्या एका ठहरावात लहान सेन्सरची टेलिफोटोसुद्धा स्वच्छ चित्र देते.

व्हिडिओचा विषय वेगळा आहे आणि तिथे मी निःशंकपणे आयफोनच्या बाजूने आहे. रंग, प्रकाशातले बदल आणि स्थिरता या तिन्ही बाबतींत तो या चौघांत सरस आहे. मात्र ४के आणि ६० फ्रेमचा व्हिडिओ मिनिटाला सुमारे ४०० एमबी जागा घेतो, म्हणजे तासाभराचा कार्यक्रम २४ जीबीचा होतो, आणि आयफोन १७ चे यूएसबी-सी पोर्ट आतून जुन्या यूएसबी २ च्या वेगाचेच असल्यामुळे तेवढी फाइल तारेने संगणकावर न्यायला दहा-बारा मिनिटे लागतात. पिक्सेल १० आणि एस२५ यांचे पोर्ट यूएसबी ३ च्या वेगाचे आहे. ८२,९०० रुपयांच्या फोनमध्ये ही काटकसर मला पटलेली नाही.

निवृत्त_अभियंता यांचे उत्तर

प्रभादेवीकरांनी कॅमेऱ्याचा विषय उत्तम मांडला आहे, पण प्रश्नकर्तीची पहिली अट एका हातात धरण्याची आहे, आणि तिथे वजनाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. एस२५ चे वजन १६२ ग्रॅम, आयफोन १७ चे १७७, वनप्लस १३एस चे १८५ आणि पिक्सेल १० चे २०४ ग्रॅम आहे. वर कव्हर चढले की पिक्सेल तुमच्या जुन्या मोठ्या फोनाच्या वजनापाशीच पोहोचतो. रुंदीतला फरक दीड मिलिमीटरचाच आहे (एस२५ ७०.५ मिमी, पिक्सेल १० ७२ मिमी), तरी तो अंगठ्याला कळतो. वजनाच्या निकषावर एस२५ निर्विवाद पहिला आहे.

एस२५ च्या त्या हलकेपणाची किंमत बॅटरीत मोजावी लागते. तिची क्षमता ४,००० एमएएच (मिलिअँपिअर-तास, विजेच्या साठ्याचे माप) आहे, तर पिक्सेल १० ची ४,९७० आणि १३एस ची ५,८५० एमएएच आहे. १८५ ग्रॅमच्या फोनमध्ये एवढी मोठी बॅटरी बसते, कारण तिच्या ऋणाग्रात ग्राफाइटबरोबर सिलिकॉन मिसळलेले असते आणि सिलिकॉन त्याच वजनात कितीतरी जास्त लिथियम सामावून घेते. ते चार्ज होताना फुगते, म्हणून त्याचे प्रमाण मर्यादित ठेवावे लागते. ॲपल फोनच्या वैशिष्ट्यांच्या यादीत एमएएचचा आकडा देत नाही, पण तिच्याच मोजमापानुसार आयफोन १६ वर २२ तास चालणारा व्हिडिओ आयफोन १७ वर ३० तास चालतो, आणि ही वाढ मोठी आहे. सकाळी मुलुंडहून निघून रात्री घरी परतेपर्यंत ५जी चालू, येता-जाता व्हिडिओ आणि मधल्या वेळेत कार्यालयाचे फोन असा दिवस असेल, तर एस२५ ला संध्याकाळी थोडा चार्ज द्यावा लागेल असे गृहीत धरा.

पाच वर्षांच्या हिशेबात बॅटरी कशी म्हातारी होते याला जास्त महत्त्व आहे. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता आणि शंभर टक्क्यांवर ताटकळणे ही दोन्ही बाधतात. आयफोन वापरण्यासाठी ॲपलने ३५ अंश सेल्सियसपर्यंतचे तापमान योग्य मानले आहे. मे महिन्यात भरलेल्या डब्यात, पर्समध्ये पॉवर बँकेला जोडून ठेवलेला फोन ती मर्यादा सहज ओलांडतो. प्रवासात चार्जिंग शक्यतो टाळा आणि फोनच्या सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा लावून ठेवा. आयफोन, सॅमसंग आणि पिक्सेल या तिघांतही ती सोय आहे. आयफोन १५ आणि त्यापुढच्या मॉडेलांची बॅटरी १,००० वेळा पूर्ण चार्ज झाल्यानंतरही ८० टक्के क्षमता राखेल अशा रीतीने बनवलेली आहे. पिक्सेल १० मध्ये गूगलने अशी व्यवस्था ठेवली आहे की २०० चार्जनंतर बॅटरीचा कमाल व्होल्टेज टप्प्याटप्प्याने उतरवला जातो आणि हे १,००० चार्जपर्यंत चालते. वापरणाऱ्याला ही व्यवस्था बंद करता येत नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने तो निर्णय योग्य असेल, पण ज्याने फोन विकत घेतला त्याच्या हातात तो पर्याय असायला हवा होता, असे माझे ठाम मत आहे.

अपडेटच्या बाबतीत सॅमसंग आणि गूगल दोघांनीही सात वर्षांचे लेखी आश्वासन दिले आहे. ॲपल भारतात असा आकडा सांगत नाही, पण २०१९ च्या आयफोन ११ ला २०२५ चे आयओएस २६ मिळाले आहे, हा इतिहास आश्वासनाइतकाच बोलका आहे. वनप्लस १३एस ला चार अँड्रॉइड आवृत्त्या आणि सहा वर्षे सुरक्षा अपडेट मिळतील. तुमच्या पाच वर्षांच्या अटीत चौघेही बसतात, तेव्हा या मुद्द्यावर निवड अडू देऊ नका.

दादर_पश्चिम यांचे उत्तर

दुबईहून फोन मागवू नका. संयुक्त अरब अमिरातीत विकला जाणारा आयफोन १७ फक्त ई-सिमवर, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच नोंदवल्या जाणाऱ्या सिमवर, चालतो, त्यात सिमकार्डाचा कप्पाच नाही. सौदी अरेबिया, कतार, कुवेत, ओमान, अमेरिका, कॅनडा आणि जपान इथल्या आयफोन १७ चेही तेच आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये एक साधे सिमकार्ड आणि ई-सिम अशी दोन्ही सोय आहे.

ई-सिम स्वतःमध्ये वाईट नाही. पण फोन पडून फुटला किंवा दुरुस्तीला गेला की साधे कार्ड काढून घरातल्या दुसऱ्या फोनमध्ये घालता येते, तर ई-सिम नव्याने घ्यावे लागते, आणि सिम बदलल्यावर आपल्याकडे २४ तास एसएमएस बंद राहतात. फसवणूक रोखण्यासाठी हा नियम आहे आणि तो हवाच. पण त्या २४ तासांत बँकेचा ओटीपी येत नाही, आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात असे घडले तर घराचे सगळे व्यवहार अडतात. माझ्या बहिणीच्या बाबतीत नेमके असेच झाले आणि मुलाच्या शाळेची फी भरायला तिला शेजाऱ्यांची मदत घ्यावी लागली.

इथे घेताना पक्के बिल घ्या, त्यावर आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, लिहिलेला हवा, आणि खोके उघडल्याबरोबर *#०६# दाबून तो क्रमांक जुळवून पाहा. स्वस्तात मिळतो म्हणून बिलाशिवाय फोन घेऊ नका.

मराठी बोलून टंकण्याविषयी: अँड्रॉइडवर गूगलचा जीबोर्ड हा कीबोर्ड मराठी चांगली समजतो आणि कीबोर्डवरचाच माइक दाबून थेट बोलता येते. आयफोनवरही जीबोर्ड घालता येतो, पण तिथे बाहेरच्या कीबोर्डला माइक थेट वापरता येत नसल्यामुळे बोलायच्या वेळी जीबोर्डचे ॲप उघडते आणि मग परत संदेशाकडे यावे लागते. रोज आईशी असेच बोलणे होत असेल तर ही पायरी दिवसातून अनेकदा चढावी लागेल. दुकानात उभ्या उभ्या एक मोठे वाक्य बोलून पाहा, त्यात 'ळ' आणि जोडाक्षरे येऊ द्या, आणि मगच ठरवा.

मुलुंडकर_वाचक

सर्वांचे मनापासून आभार. दुबईचा विचार सोडून दिला आहे. मराठी टंकण्याची अडचण मला ठाऊकच नव्हती, आणि आईचा विचार करता ती माझ्यासाठी मोठी आहे. आता गोंधळ एस२५ आणि पिक्सेल १० यांच्यात आहे. मुलीच्या फोटोंसाठी पिक्सेल हवासा वाटतो, रोजच्या प्रवासासाठी एस२५. पावसाळ्याच्या दृष्टीने दोघांत काही फरक आहे का? आणि वनप्लसचे वाचणारे २५,००० रुपये सोडून देणे कितपत योग्य?

निवृत्त_अभियंता

एस२५ आणि पिक्सेल १० हे दोघेही आयपी६८ (धूळ आणि पाणी यांपासून संरक्षणाचा दर्जा) दर्जाचे आहेत, त्यामुळे पावसाच्या बाबतीत फरक करण्याचे कारण नाही. वनप्लस १३एस आयपी६५ आहे. पहिला आकडा धुळीचा आणि दुसरा पाण्याचा. ५ म्हणजे पाण्याचे फवारे सोसतो, ८ म्हणजे ठरावीक खोलीत ठरावीक वेळ बुडालेलाही चालतो. छत्रीतून गळणारे पाणी १३एस सहन करील. हिंदमाताला तुंबलेल्या पाण्यात पडला तर भरवसा नाही. आयपी६८ ची चाचणीसुद्धा स्वच्छ, स्थिर पाण्यात होते, समुद्राच्या खाऱ्या पाण्यात नाही, आणि पाण्याने झालेले नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही. मरीन ड्राइव्हवर भरतीच्या लाटा अंगावर घेताना कोणताच फोन हातात ठेवू नये. पोर्ट ओले झाले तर ते आपोआप वाळू द्या. तांदळात पुरून ठेवण्याचा उपाय करू नका, त्याचे बारीक कण पोर्टमध्ये अडकतात.

एस२५ ची प्रोसेसर चिप स्नॅपड्रॅगन ८ एलीट आहे, पिक्सेल १० ची टेन्सर जी५. टेन्सर आता तैवानच्या टीएसएमसीकडून ३ नॅनोमीटरवर बनवून घेतली जाते, ही सुधारणा चांगली आहे, तरी वेगात ती मागे आहे. आज तुमच्या कामात तो फरक दिसणार नाही. पाचव्या वर्षी दिसू शकेल. मी एस२५ सुचवतो.

प्रभादेवीकर

निवृत्त अभियंत्यांचा आदर राखून मी या एका बाबतीत वेगळे मत नोंदवतो. चिपचा वेग पाचव्या वर्षी कमी पडेल की नाही हे तेव्हा कळेल. मुलीचे या वयातले कार्यक्रम मात्र पुन्हा होणार नाहीत, आणि ३x आणि ५x मधला फरक मागच्या रांगेतून फार मोठा आहे. पण पुढच्या कार्यक्रमाला आयोजकांना विनंती करून पाचव्या-सहाव्या रांगेत, म्हणजे आठ-दहा मीटरवर जागा मिळणार असेल, तर एस२५ ची ३x लेन्स तिथून जवळपास तेवढीच, किंबहुना थोडी जवळची चौकट देते आणि २०४ ग्रॅम रोज हातात वागवण्याचे कारण उरत नाही. म्हणून आधी जागेची चौकशी करा.

वनप्लसबद्दल: पंचवीस हजारांची बचत खरी आहे आणि बॅटरी चौघांत उत्तम आहे, तेव्हा तुमची गरज फक्त प्रवासाची असती तर मी तोच सुचवला असता. मुलीचे फोटो ही तुमची मुख्य गरज असताना, २x च्या पलीकडे लेन्स नसलेला फोन घेऊन ते पैसे वाचवू नयेत, असे मला वाटते.

दुकानात दोन्ही फोन कव्हरसकट हातात घ्या, उभे राहून, दुसरा हात वर धरून. पाच मिनिटे तसे वापरून पाहिल्यावर पिक्सेलचे वजन जाणवले नाही तर तो घ्या. मनगट अवघडले तर एस२५ घ्या आणि पुढची रांग मिळवा.